पस्तीस गोल आणि एक लहान

नसीमा शिकलगार यांचा ट्रेलर मंगळवारी सकाळी माझ्या दुकानासमोर येऊन थांबला. मी आधी त्याच्या छपरावर मूठ आपटून पाहिली. फायबर पोकळ वाजलं. असल्या छपराला भोकं पाडली की पावसाळ्यात आतली गादी भिजते आणि गिऱ्हाईक वर्षभर माझ्या नावानं खडे फोडत बसतं. म्हणून सौर पॅनेलच्या चौकटीला खालून ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावायच्या, त्या छपराला चिकटवायच्या, आणि वायर आत घ्यायला एकच भोक पाडून ते सील भरून बंद करायचं. कराडात गेली सतरा वर्षं मी हेच करते आहे. ट्रेलर, टेम्पो, फिरते दवाखाने, एकदा तर तमाशाच्या फडाची गाडी.

नसीमा तिशीच्या होत्या. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. दोन महिने डोंगरावरच्या कातळी सड्यावर एकटीनं राहून पावसाआधी उगवणारे कंद मोजायचे होते त्यांना. कंद मोजून काय करणार हे मी विचारलं नाही. हल्ली मी फारसं काही विचारत नाही.

"ताई, रविवारी निघायचंय," त्या म्हणाल्या. "दिवे, पंखा, लॅपटॉप, आणि ट्रेलरभोवती करंटचं कुंपण. तिकडे गवे फिरतात. अस्वलंही आहेत म्हणे."

"आहेत," मी म्हटलं.

बाजारात फिल्मची हलकी पॅनेलं महिनाभर येणार नव्हती. काचेची जड पॅनेलं त्या छपराला पेलली नसती. मी पक्कड पुसत उभी राहिले आणि म्हणाले, "माझ्याकडे तीन पडून आहेत. महिनाभरच वापरलेली."

"महिनाभरच? मग काढली का?"

"वापरणारा माणूस गेला."

त्या बिचाऱ्या ओशाळल्या. मी टेप काढून छपराचं माप घ्यायला लागले. वापरणारा माणूस माझा नवरा होता, हे सांगायचं राहून गेलं. त्याच्या वस्तू वापरणं जड जाईल असं लोकांना वाटतं. तसं काही झालं नाही. ती पॅनेलं मागच्या खोलीत ताडपत्रीखाली होती, ती मी बाहेर ओढली, एवढंच.

या पॅनेलांबद्दल थोडं सांगायला हवं. जुन्या पॅनेलात पेशी एकामागोमाग एक जोडलेल्या असतात, माळेसारख्या. एका पेशीवर सावली पडली की तिच्यातून वीज वाहत नाही, आणि ती अडली की मागच्या सगळ्या अडतात. घरावरच्या मोठ्या संचाला याचं काही वाटत नाही. लहान ट्रेलरला मात्र झाडाची एक फांदीसुद्धा महागात पडते. मग आठ-नऊ वर्षांपूर्वी पेरोव्हस्काइटची ही फिल्म आली. त्या पदार्थातले विद्युतभारित कण जागचे हलू शकतात. रोज एकाच जागी सावली पडत राहिली, की कण हळूहळू सरकतात, तेवढ्या भागातली वाट बंद होते आणि वीज त्याला वळसा घालून जायला लागते. म्हणजे पॅनेल सावली शिकतं. सावली एकसारखी असेल तर दहाबारा दिवसांत तिचा ठसा उमटायला लागतो, पण वळशाची वाट पक्की व्हायला तीन महिने लागतात. तोवर पॅनेलं शेजारी शेजारी, म्हणजे पॅरलल जोडा, असं कंपनी पत्रकात ठळक छापते. पॅरलल जोडलं की एक अडलं तरी बाकीची चालू राहतात.

सुजितच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, ट्रेलरवर मी ती एकामागोमाग, सिरीजमध्ये जोडली होती. पॅरललला जाड वायर लागते आणि ती त्या आठवड्यात दुकानात नव्हती. तीन महिन्यांनी कंपनीच सिरीज करायला सांगते, मग आत्ता कशाला वाट पाहा, असा हिशेब मी केला. माझ्या आयुष्यातला हा एक निर्णय मी रोज आठवते.

सुजित मधमाश्या पाळायचा. फुलोरा जिकडे तिकडे त्याच्या पेट्या जायच्या. २०३९च्या एप्रिलात जांभूळ फुललं म्हणून तो कोयनेकडच्या जंगलाच्या कडेला गेला. सोबत त्याची आई. माझ्या माहेरच्या रीतीनं मी त्यांना आत्ती म्हणते. मला दुकान सोडता येत नव्हतं. पेट्यांना करंटचं कुंपण होतं, कारण मधाचा वास अस्वलाला कुठून कुठून येतो. ट्रेलरच्या छपरावर दोन पॅनेलं आणि तिसरं बाजूला बिजागरीवर, छातीच्या उंचीला आडवं उघडणारं. सुजितला धूळ पुसायला वर चढावं लागू नये म्हणून ती युक्ती मीच काढली होती. त्याच्या सावलीत आत्तींची खाट बसायची. त्या युक्तीचा मला फार अभिमान होता.

तेरा एप्रिलपासून चार्जिंग एक तृतीयांशावर आलं. सुजितनं फोन केला. मी म्हणाले, "धूळ असेल, सकाळी पुसून घे." तो रोज पुसत होता. चोवीसच्या पहाटे बॅटरी संपली आणि कुंपण मेलं. पेट्यांपाशी आवाज झाला तेव्हा अस्वल कुंपणाबाहेरच असणार, असं समजून सुजित विजेरी घेऊन गेला. ते आत होतं. आत्तींनी ट्रेलरच्या दारातून सगळं पाहिलं.

चौकशीचा अहवाल चार पानी होता. जोडणी सूचनेनुसार नव्हती, कुठेतरी सांधा सैल असावा, असं त्यात लिहिलं होतं. मी नंतर प्रत्येक सांधा हातानं ओढून पाहिला. एकही सैल नव्हता. पण जोडणी चुकलेली होती हे खरंच होतं, म्हणून मी वाद घातला नाही. स्वतःच्या सहीनं काम करायचा माझा परवाना पाच वर्षांसाठी गेला. ज्या गुरवला मी वायरचं टोक दाबायला शिकवलं, तो आता माझ्या कामावर सही करतो, आणि सही करताना उगाच चष्मा लावतो.

तेराव्याच्या दिवशी आत्ती सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "तुज्या तारेनं माजा ल्योक न्हेला." त्यानंतर तो विषय नाही. आम्ही एका घरात राहतो. दूध आलं का, गॅस लावला का, पंप बंद केला का, एवढंच बोलतो. रोज एक वाजता त्या दुकानात माझा डबा आणून ठेवतात आणि जातात. मला त्यांचा राग येत नाही, आणि त्यांची मायाही वाटत नाही. दाताला भूल दिल्यावर गाल असतो ना, तशी मी दोन वर्षं आहे.

बुधवारी दुपारी मी पॅनेलांची चाचणी घेतली. जुनं पॅनेल नव्या गाडीवर लावण्याआधी ती घ्यावीच लागते. अंधारात पॅनेलला उलटा करंट द्यायचा. उजेडातून वीज करणारी ती फिल्म मग विजेतून उजेड करते आणि मंद तांबडी दिसायला लागते. चांगला भाग उजळतो आणि सावली शिकलेला भाग काळा राहतो. मी शटर ओढलं, फटींना पोती लावली आणि पहिलं पॅनेल जोडलं. सगळं एकसारखं तांबडं. दुसरंही तसंच.

तिसरं जोडलं तेव्हा मला वाटलं, याला बुरशी आली आहे.

तांबड्यावर काळे गोल होते. एकसारखे, तळहाताएवढे. आडवे सात, उभे पाच. सरळ ओळींत, जणू कोणी दोरी धरून मांडलेले. मी ते मोजले. पस्तीस. झाडाची सावली अशी पडत नाही. गाळणीची, जाळीची, पेट्यांची, कशाचीच पडत नाही. मी मठ्ठासारखी बघत राहिले. मग उजव्या खालच्या कोपऱ्यात मला छत्तिसावा गोल दिसला. तो रुपयाहून थोडासाच मोठा होता.

ती बारकी होती.

आत्ती दर एप्रिलात नाचणीचे पापड करतात. उकड काढायची, गोळे दाबायचे, आणि पारदर्शक प्लास्टिकचा कागद पसरून त्यावर वाळत घालायचे. कागद त्या चिमट्यांनी पक्का करतात आणि उन्हाळाभर तोच वापरतात. पहिल्या दिवशीच्या पापडांचे डाग कागदावर राहतात, मग रोजचे पापड त्याच डागांवर. आत्तींना वेडंवाकडं खपत नाही. आणि शेवटी पातेल्याच्या तळाची खरवड उरते, तिचा एक चिमुकला पापड कोपऱ्यात. तिचं नाव बारकी. ती कोणाची, तर त्या दिवशी घरात नसलेल्या माणसाची. लग्नाआधी सुजित पुण्याला होता तेव्हा डबाभर बारक्या त्याच्यासाठी साठायच्या, आणि तो त्यावरून आईला फार चिडवायचा.

जंगलाकडेला अंगण नव्हतं. छातीच्या उंचीला, सपाट, तापलेलं, स्वच्छ पुसलेलं ते पॅनेल होतं. मला आत्तींच्या जागी ठेवलं असतं तर मीही तिथेच घातले असते. शिवाय वर दोन पॅनेलं मोकळी होतीच की. एक झाकलं तर एकाचीच वीज जाईल, असं कोणालाही वाटेल. सिरीजमध्ये एकानं तिन्हींची जाते, हे फक्त मला माहीत होतं. पापड नसतानाच्या सकाळ-संध्याकाळच्या उन्हाची तेवढी एक तृतीयांश वीज उरली होती. नंतर दोन वर्षं पॅनेल ताडपत्रीखाली अंधारात राहिलं. त्यानं शिकलेलं तसंच राहिलं.

मी चाचणीच्या मशीनवर फोटो काढला आणि शटर वर केलं. बाहेर ऊन होतं. समोरचा पंक्चरवाला मला काहीतरी म्हणाला, मी हो म्हटलं.

संध्याकाळी आत्ती भजनाला गेल्यावर मी माळ्यावरून पत्र्याचा डबा काढला. तो जंगलातून सामानाबरोबर आला होता आणि कोणी उघडला नव्हता. त्यानंतर आमच्या घरी पापड झाले नाहीत. आत थप्प्या होत्या. एक पापड मी फोटोतल्या मापाशी लावून पाहिला. बरोबर. डब्याच्या तळाशी पांढऱ्या फडक्याची गाठ होती. तीत बारक्या होत्या. अकरा. तेरा ते तेवीस एप्रिल, अकरा दिवस. मी घरात, म्हणजे त्यांच्या त्या घरात, नव्हते. अकराही माझ्यासाठी होत्या.

गाठ पुन्हा बांधून मी डबा जागेवर ठेवला. रडू येईल म्हणून थोडी थांबले. आलं नाही.

गुरुवारी सकाळी दुकानात मी परवान्याच्या अपिलाचा अर्ज उघडला. फोटो जोडला. त्या एप्रिलातल्या चार्जिंगच्या नोंदींची फाइल जोडली. एवढ्यावर कोणीही मान्य केलं असतं, की नुसत्या जोडणीनं काही झालं नसतं, सावलीमुळे झालं. माझं नाव पुरतं धुतलं गेलं नसतं, पण सही परत मिळाली असती. गुरवचा चष्मा पुन्हा पाहावा लागला नसता. अर्जात एक रकाना होता: सावलीचे कारण, आणि ती कोणामुळे पडली. मी लिहिलं, नाचणीचे पापड. पुढे लिहिलं, मृताची आई.

ते दोन शब्द मी बराच वेळ वाचले. असा कागद एकदा गेला की परत येत नाही. कुणीतरी तो घेऊन घरी येईल, बाहत्तर वर्षांच्या बाईला खुर्चीत बसवून विचारेल, किती पापड होते, कोणत्या वेळी घालत होता. मला सही हवी होती. फार हवी होती. पण या किमतीला नको, हे मला ठाऊक होतं, आणि दोन वर्षांत ठामपणे ठाऊक असलेली ही पहिलीच गोष्ट.

मी अर्ज पुसला, फोटो पुसला. तिसऱ्या पॅनेलला उलटा करंट आणि खालून मंद आच लावली. कण जागेवर परततात, ठसा जातो. आठ तास लागतात. नसीमाबाईंना पूर्ण वीज लागणार होती, तेव्हा हे तसंही करावंच लागलं असतं.

एक वाजला हे मला कळलं नाही. अर्ध्या शटरखालून वाकून आत्ती डबा घेऊन आत आल्या. आत अंधार होता आणि पॅनेल तांबडं पेटलेलं. गोल फिकट झाले होते, पण होते.

"ह्ये काय गं?"

"टेस्ट आहे, आत्ती. डबा ठेवा तिकडं."

त्यांनी डबा ठेवला नाही. जवळ आल्या. बोटानं, न शिवता, हवेतच मोजत गेल्या. सात झाले. पुन्हा सात. कोपऱ्यापाशी बोट थांबलं.

"बारकी," त्या म्हणाल्या.

मी पॅनेलखालची आच तपासली.

"पुसाय लावलंयास?"

"हो. त्या बाईंना पुरा करंट लागतो."

"फोटू काडला असशील."

"काढला होता. काढून टाकला."

आत्ती वायरच्या रिळावर बसल्या. डबा मांडीवर. म्हणाल्या, "सुज्या म्हनला हुता, आये, तिला इचारू का, चालतंय का ह्ये? म्या म्हनलं, काय इचारतूस, वर दोन हायती की मोकळी. ती हसंल आपल्याला." त्यांनी पदर तोंडाशी नेला. "मला ठावं हुतं गं. तवापासनं ठावं हुतं. बॅटरी मेली म्हनलं तवाच वळखलं."

"मग त्या दिवशी—"

"कुनाचं तरी नाव घ्याया पायजे हुतं. माजं घेतलं असतं तर म्या जगले नसते. तू जगशील आसं वाटलं."

मला राग यायला हवा होता. तो आला, दोन वर्षांनी, एकदम, कानशिलापर्यंत. मी ओरडले, "आणि मी काय जगले आत्ती? ह्याला जगणं म्हणतात?" शटरबाहेर पंक्चरवाल्याचा हातोडा थांबला. आत्ती मान खाली घालून बसल्या. मग मला दम लागला आणि मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. पॅनेलवरचे गोल जात होते. चार वाजता फक्त बारकी उरली, सहाला तीही गेली. आत्ती तोवर तिथेच होत्या. डबा आम्ही दोघींनी खाल्ला नाही.

शनिवारी मी पट्ट्या चिकटवल्या, पॅनेलं बसवली, खाली हवा खेळायला बोटभर जागा सोडली. तिन्ही पॅरलल जोडली, जाड वायरनं. गुरव येऊन सही करून गेला. रविवारी सकाळी नसीमाबाई आल्या तेव्हा मी त्यांना सगळं समजावलं. आधी बॅटरी जोडायची, मग पॅनेल, सोडवताना उलटं. कुंपण रोज संध्याकाळी तपासायचं. आत्ती माझ्यासोबत आल्या होत्या. त्या कधी येत नाहीत. ट्रेलरभोवती एक चक्कर मारून त्या नसीमाबाईंपुढे उभ्या राहिल्या.

"पोरी, त्या पॅनेलावर कायबी वाळत घालू नगंस."

नसीमाबाई हसल्या. "नाही आजी, कपड्यांना मी दोरी घेतलीय."

"कापडं न्हवं. पापडसुदिक न्हाई. एकबी न्हाई."

"पापड कोण घालतंय तिथं, आजी?"

"म्या घातलं हुतं," आत्ती म्हणाल्या. "माजा ल्योक त्यापायी गेला."

रस्त्यावर माणसं होती. पंक्चरवाला होता. गुरव चहाच्या टपरीवर उभा होता, त्यानं वळून पाहिलं. नसीमाबाईंचा चेहरा उतरला आणि त्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"आणि जोडणी मी चुकवली होती," मी म्हटलं. "म्हणून यावेळी पॅरलल केलीय. तुम्ही निर्धास्त जा."

त्यांनी आत्तींचा हात क्षणभर धरला आणि गाडीत बसल्या. ट्रेलर वळणापर्यंत दिसला, मग दिसला नाही.

घरी आल्यावर आत्तींनी माझ्याकडून माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली काढवला. गाठ सोडली आणि गॅसवर एकेक बारकी भाजली. कुबट वास येत होता. त्यांनी ताट माझ्यापुढे ठेवलं. "खा. तुज्याच हायती." मी खायला लागले. तिसरीला मला रडू फुटलं, आणि ते थांबेना. मी रडत रडत खात होते, आत्ती पाठीवरून हात फिरवत होत्या आणि स्वतःही रडत होत्या.

दहा मी खाल्ल्या. अकरावी उचलली तेव्हा आत्तींनी माझं मनगट धरलं. मला कळलं. घरात नसलेलं माणूस आता मी नव्हते. ती बारकी आम्ही ताटात तशीच ठेवली.